इंजिन धुतलं आणि गाडी स्टार्टच होईना: जुन्या गाडीत नेमकं कुठून बघायला सुरुवात करायची

आधी एक काम करा, चावी काढून खिशात ठेवा आणि सेल्फ मारणं थांबवा. बाकीचं सगळं त्यानंतर.

तुमचा प्रश्न थोडक्यात असा की गाडी पेट्रोलची, कार्बोरेटरवाली, पंचवीसेक वर्षं जुनी. धुवायच्या आदल्या दिवसापर्यंत एका सेल्फमध्ये चालू होत होती. इंजिनवर तेल आणि धुळीचा थर बसला होता म्हणून डिग्रीझर मारून प्रेशरच्या पाण्यानं धुतलं, आणि आता इंजिन फिरतंय पण पकडत नाही, पेट्रोलचा वास येतोय, बॅटरी उतरत चाललीये. तुम्हाला वाटतंय इंजिन गेलं. नाही गेलं हो. असल्या गाड्या मी इतक्या वर्षांत भरपूर बघितल्यात आणि त्यातल्या बहुतेक नुसत्या ओल्या होत्या. पण एक गोष्ट मनापासून सांगतो, पुढचं सगळं त्यावरच उभं आहे: चांगल्या अवस्थेतली गाडी थोड्याफार पाण्यानं बंद पडत नाही. पावसात गाड्या चालतातच ना. तुमच्या गाडीत कुठंतरी तडा गेलेली डिस्ट्रिब्युटरची (प्लगना करंट वाटणाऱ्या डब्याची) कॅप, कडक होऊन फाटलेलं वायरीचं रबर किंवा सुटत आलेला लग (वायरीच्या टोकाची धातूची क्लिप) आधीपासूनच असणार, तेलाच्या थरानं तो झाकला गेला होता, पाण्यानं तो फक्त उघडा पाडला. म्हणून नुसती सुकवून गाडी चालू झाली की काम संपलं असं धरू नका, ती जागा शोधायचीच. नाहीतर पहिल्याच जोरदार पावसात रस्त्याच्या मधोमध तेच होणार.

सेल्फ का थांबवायचा तेही सांगतो. एकतर प्रत्येक वेळी सिलिंडरमध्ये पेट्रोल जातंय, ठिणगी नसल्यानं ते जळत नाही, प्लग भिजतात, मग ठिणगी परत आली तरी ओल्या प्लगवर गाडी पकडत नाही आणि माणूस म्हणतो सुकवून पण उपयोग झाला नाही. दुसरं, बॅटरी उतरली की सेल्फच सगळा करंट खातो आणि कॉइलला (ठिणगीसाठी व्होल्टेज वाढवते ती) पुरेसा मिळत नाही, म्हणजे जी अर्धीमुर्धी ठिणगी येत होती ती पण जाते. आणि तिसरं कारण सगळ्यात गंभीर, एअर फिल्टरच्या तोंडातून पाणी सिलिंडरमध्ये गेलं असेल तर सेल्फ मारणं म्हणजे इंजिन तोडणं. पाणी दाबलं जात नाही. पिस्टन वर येतो, मधे पाणी अडतं, आणि ज्या कनेक्टिंग रॉडवर सगळा जोर येतो तो वाकतो. मी नवीन असताना माझ्यासमोर झालंय हे, धुतलेली गाडी होती, सेल्फ मारला की "ठक" करून जागीच थांबायची, समोरच्याला वाटलं बॅटरी कमजोर आहे, म्हणून दुसरी मोठी बॅटरी जोडून परत जोरात मारला. हेड उतरवलं तेव्हा एक पिस्टन बाकीच्यांपेक्षा खाली थांबलेला दिसला, डोळ्यांनी कळेल इतका. तो आवाज अजून कानात आहे माझ्या.

तुमचं इंजिन मोकळं फिरतंय असं तुम्ही म्हणताय, म्हणजे तो प्रकार नाही, पण मधेच अडकल्यासारखं वाटलं तर लगेच सोडा, सगळे प्लग काढा, कॉइलची बारीक वायर काढून ठेवा आणि मग सेल्फ थोडासा फिरवा. पाणी असेल तर प्लगच्या भोकातून फवारा उडेल, तोंड तिथं नेऊ नका. पाणी निघालं तर प्रत्येक सिलिंडरमध्ये चमचाभर इंजिन ऑइल सोडून परत दोन-चार फेरे फिरवा, नाहीतर आतल्या भिंतीला गंज धरतो. डिपस्टिक पण काढून बघा. ऑइल दुधाळ दिसलं तर पाणी खालपर्यंत गेलंय, मग गाडी चालू करायचा विचार ऑइल बदलल्यावरच.

आता मूळ मुद्दा. पेट्रोल इंजिनला चालू व्हायला फिरणं, ठिणगी, पेट्रोल आणि हवा एवढंच लागतं. तुमचं फिरतंय. सायलेन्सरपाशी पेट्रोलचा वास येतोय म्हणजे पेट्रोल पोचतंय. राहिली ठिणगी आणि हवा. धुतल्यानंतर ठिणगी जाणं हेच सगळ्यात जास्त होतं, त्यामुळे मी असतो तर सरळ डिस्ट्रिब्युटरवर, म्हणजे आपण ज्याला डेल्को म्हणतो त्याच्यावर गेलो असतो.

पण त्याआधी दोन मिनिटं बोनेट उघडून नुसतं बघा, हात न लावता. ब्रशनं घासताना, पाण्याच्या झोतानं काही निघालंय का? कॉइलची बारीक वायर, डेल्कोतून येणारी वायर, बॅटरीचा टर्मिनल, इंजिन आणि बॉडीमधली अर्थिंगची पट्टी, कार्बोरेटरला जाणारे बारीक व्हॅक्यूम पाईप. जुन्या गाडीत हे लग सैल झालेले असतात, धक्का लागला की सुटतात आणि लोंबकळत राहतात, वरून बसल्यासारखेच दिसतात. बघून झालं की मग प्रत्येकाला हलकं ओढून बघा. असंही होतं की धुवायच्या आधी कुणी प्लग वायरी काढल्या आणि लावताना क्रम चुकला. चार सिलिंडरच्या बहुतेक गाड्यांचा फायरिंग ऑर्डर (सिलिंडर पेटायचा क्रम) १-३-४-२ असतो पण काहींचा १-२-४-३ पण असतो, तेव्हा अंदाजानं लावू नका, इंजिनवर किंवा गाडीच्या पुस्तकात बघा आणि रोटर (डेल्कोच्या कॅपखाली फिरणारा तुकडा) कुठल्या बाजूला फिरतो ते पण बघा. क्रम चुकलेला असेल तर सेल्फ मारताना कार्बोरेटरमधून किंवा सायलेन्सरमधून फटाके फुटतात, ती खूण लक्षात ठेवा.

आता कॅप. एकेक वायर काढताना टेप लावून नंबर टाका किंवा फोनवर फोटो काढा, मग दोन क्लिप (किंवा स्क्रू) सोडून कॅप उचला आणि उजेडाकडे उलटी धरा. बहुतेक वेळा आतून बारीक दव पडल्यासारखं दिसतं, चष्म्यावर वाफ धरते ना तसं. लोक म्हणतात मी तर डेल्कोवर पॉलिथिन बांधलं होतं मग पाणी गेलंच कसं. अहो पाणी जायलाच हवं असं नाही, इंजिन गरम असताना त्यावर गार पाणी मारलं की कॅपच्या आतली गरम हवा एकदम गार होते, आकसते, आणि बाहेरची दमट हवा आत ओढते, मग ती ओल आतल्या भिंतीवर जमते. कॉइलमधून येणारा करंट १५ ते २५ हजार व्होल्टचा असतो, त्याला प्लगच्या फटीतून उडी मारण्यापेक्षा ओल्या भिंतीवरून जवळच्या धातूकडे सरकणं सोपं जातं आणि तो तिकडंच जातो. प्लगपर्यंत काही उरत नाही. त्यात डिग्रीझरचा साबणासारखा थर राहिला असेल तर अजून वाईट, कारण तो थर सुकल्यावर पण हवेतली ओल ओढून घेतो. म्हणून कधीकधी दुपारी चालू झालेली गाडी दुसऱ्या दिवशी पहाटे परत रुसते.

कॅप आतून सुक्या, धागे न सुटणाऱ्या कापडानं पुसा, मग आयसोप्रोपिल अल्कोहोल नाहीतर साधं स्पिरिट कापडाला लावून परत पुसा, बाहेरून पण पुसा, कारण करंट बाहेरच्या भिंतीवरून पण पळतो. वायरी बसतात त्या भोकांमध्ये कापसाची काडी फिरवा, हिरवट-पांढरी पावडर असेल ती खरवडून काढा. आणि मग नीट बघा, घाई न करता. दोन टर्मिनलच्या मधे केसाएवढी काळी रेघ दिसते का? पेन्सिलनं ओढल्यासारखी असते, झाडाच्या मुळीसारखी थोडी वाकडीतिकडी. नखानं घासली आणि पुसली गेली तर धूळ. नाही गेली तर तो करंटनं जाळून केलेला रस्ता आहे, प्लास्टिकचा कोळसा झालाय तिथं, आणि कोळशातून करंट जातो. अशी कॅप कितीही सुकवा, घासा, ती बदलायचीच, दुसरा इलाज नाही. काही जण पॉलिश पेपरनं रेघ घासून काढतात, चार दिवस चालते, परत तिथंच जळते. मधला कार्बन ब्रश (छोटी काळी गोळी असते, स्प्रिंगवर) दाबून सोडला की बाहेर यायला हवा, तो तुटून पडलेला पण मी बघितलाय. रोटरवर पण तडा आणि तशीच काळी रेघ बघा, वरून आणि खालून दोन्हीकडून, रोटरचं पोट कुणी बघत नाही आणि कित्येकदा तिथूनच करंट शाफ्टला उतरत असतो.

तुमच्या गाडीत डेल्कोच्या आत सीबी पॉइंट (कॉइलचा करंट जोडणारे-तोडणारे छोटे कॉन्टॅक्ट) असतील तर ते उघडून मधे जाड कोरा कागद सरकवा आणि पॉइंट मिटवून ओढून घ्या, दोन-तीनदा. कागदावर तेलकट डाग आला तर डिग्रीझरबरोबर वितळलेलं ग्रीस किंवा तेल पॉइंटवर पसरलंय. पाणी सुकून जातं पण हा तेलाचा पापुद्रा सुकत नाही. दिवसभर उन्हात ठेवली तरी गाडी चालू होत नाही असं लोक म्हणतात ना, त्यातल्या काही गाड्यांमध्ये हेच निघतं. स्पिरिटनं पुसा, खडबडीत झाले असतील तर बारीक पॉलिश पेपर फिरवा, आणि फिलर गेजनं (फट मोजायच्या पातळ पट्ट्या) गॅप बघा, साधारण ०.४ ते ०.५ मिलिमीटर असतो, तुमच्या गाडीचा नेमका आकडा पुस्तकात मिळेल. अजून एक, पॉइंटवाल्या गाडीत इग्निशन ऑन करून तासभर चेक करत बसू नका, पॉइंट मिटलेले असतील तर कॉइलमधून सारखा करंट जात राहतो आणि कॉइल तापून जळते. बघायचं झालं की बंद करा.

सुकवायचं कसं, तर कॉम्प्रेसरची हवा मिळाली तर उत्तम, नाहीतर हेअर ड्रायर. ड्रायर मध्यम उष्णतेवर ठेवा, एकाच जागी धरू नका, जुनं प्लास्टिक तडकतं. कॅप, रोटर, कॉइलचं तोंड, प्रत्येक वायरीची दोन्ही टोकं, प्लगवर बसणाऱ्या टोप्यांच्या आतली बाजू. टोप्यांच्या आत पाणी अडकून बसतं, बाहेरून सगळं कोरडं दिसतं आणि आत थेंब असतो. प्लगच्या खड्ड्यांमध्ये पाणी साचलं असेल तर प्लग सोडायच्या आधी ते हवेनं उडवून टाका, डोळ्याला चष्मा लावून. आधी प्लग काढला तर खड्ड्यातलं सगळं पाणी मातीसकट सरळ सिलिंडरमध्ये. ही चूक अनुभवी माणसाकडून पण घाईत होते.

डब्ल्यूडी-४० मारू का असं सगळे विचारतात. मारा, ते मुळात पाणी हटवण्यासाठीच बनलंय, नावातच ते आहे. पण वायरींवर आणि बाहेरून, थोडं. कॅपच्या आत मारलंत तर लगेच पुसून कोरडं करा आणि उघडं ठेवून वाफ जाऊ द्या, कारण ते पेट घेतं आणि कॅपच्या आत तर ठिणग्याच ठिणग्या असतात. स्पिरिटचं पण तेच, पुसल्यावर ५-१० मिनिटं बोनेट उघडं ठेवायचं, मगच सेल्फ. आणि इंजिन रॉकेलनं किंवा पेट्रोलनं धुतलं असेल तर कृपा करून पूर्ण सुकेपर्यंत चावीला हात लावू नका. एक सैल वायर आणि एक ठिणगी एवढंच लागतं. ठिणगी चेक करताना अग्निशामक जवळ ठेवायचा, माझा हा नियम आहे आणि तो मी कधीच मोडत नाही.

आता ठिणगी खरंच येते का ते बघू. एक जुना पण चांगला प्लग घ्या, एका प्लग वायरीच्या टोपीत बसवा, प्लगचं लोखंडी अंग जाड वायरीनं किंवा क्लिपनं इंजिनच्या धातूला पक्कं जोडा, हातात धरू नका, आणि प्लगच्या भोकांपासून आणि कार्बोरेटरपासून लांब ठेवा. दुसऱ्या माणसाला सेल्फ मारायला सांगा, २-३ सेकंदच. निळसर, टचटच आवाज करणारी ठिणगी आली तर ठीक. पिवळट, मरगळलेली किंवा कधी आहे कधी नाही अशी असेल तर ओल नाहीतर कमजोर कॉइल. अजिबात नसेल तर तोच प्लग कॅपच्या मधल्या वायरीला, म्हणजे कॉइलकडून येणाऱ्या वायरीला लावून परत बघा. तिथं ठिणगी आहे आणि प्लग वायरींना नाही, म्हणजे गुन्हेगार कॅप, रोटर किंवा वायरी. तिथंही नाही, मग कॉइल आणि तिच्या मागची वायरिंग. इलेक्ट्रॉनिक इग्निशनवाल्या गाडीत वायरीचं टोक नुसतं हवेत ठेवून सेल्फ मारू नका, ठिणगीला जायला जागा नसली की कॉइल किंवा मोड्यूल (पॉइंटऐवजी असतं ते) जाऊ शकतं.

कॉइलला ठिणगी नसेल तर टेस्ट लॅम्प घ्या. इग्निशन ऑन करून कॉइलच्या प्लसला लावा, पेटायला हवा. काही गाड्यांत रेझिस्टन्स वायर असते तिथं दिवा थोडा मंद दिसतो, तो दोष नाही. दिवा पेटलाच नाही तर फ्यूज, इग्निशनची वायर, किंवा ओला झालेला कपलर (वायरी जोडणारा प्लास्टिकचा कनेक्टर). पेटला, तर दिवा मायनसला लावून सेल्फ मारा, दिवा लुकलुकला पाहिजे. लुकलुकला म्हणजे पॉइंट किंवा मोड्यूल आपलं काम करतायत आणि दोष कॉइलचा. लुकलुकत नसेल तर परत डेल्कोत जायचं, पॉइंट, कंडेन्सर, आतली बारीक वायर. ही आतली वायर सारखी हलत असते, वरचं इन्सुलेशन शाबूत आणि आतलं तांबं तुटलेलं असं होतं, बोटानं वाकवून बघितल्याशिवाय कळत नाही.

ठिणगी चांगली आली म्हणजे आता भिजलेले प्लग. काढा, वास घ्या, पेट्रोल असेल तर पुसा, सुकवा, काळे झाले असतील तर तारेच्या ब्रशनं साफ करा. प्लग बाहेर असतानाच सेल्फ ४-५ सेकंद फिरवा म्हणजे सिलिंडरमधलं साचलेलं पेट्रोल निघून जाईल, पण त्या वेळी कॉइलची बारीक वायर काढलेली हवी, नाहीतर उडणाऱ्या पेट्रोलला ठिणगी मिळेल. मग सगळं बसवून, चोक न ओढता, ॲक्सिलरेटर पूर्ण दाबून तसाच धरून सेल्फ मारा. पंप करू नका, प्रत्येक दाबाला कार्बोरेटर पेट्रोलची एक पिचकारी आत मारतो आणि तुम्ही जे काढायला बघताय तेच परत भरता. ५-७ सेकंद मारा, मिनिटभर थांबा, सेल्फला पण थंड व्हायला वेळ लागतो. इंजेक्शनवाल्या बऱ्याच गाड्यांत पण ॲक्सिलरेटर पूर्ण दाबून सेल्फ मारला की इंजेक्टर बंद राहतात, हेतू तोच.

आणि हे सगळं करायच्या आधी बॅटरी चार्ज करून घ्या. पूर्ण भरलेली बॅटरी मीटरवर १२.६ व्होल्टच्या आसपास दाखवते, १२.२ म्हणजे निम्मी. सेल्फ मारताना ९.५ च्या खाली जात असेल तर इतर काही तपासण्यात अर्थ नाही, तेवढ्या व्होल्टवर चांगली कॉइल पण धड ठिणगी देत नाही. टर्मिनल काढून घासून परत घट्ट करा.

हवेचं राहिलं. एअर फिल्टरचा डबा उघडा. कागदी फिल्टर भिजला की फुगतो, हवा अडते, मिश्रणात पेट्रोल जास्त होतं आणि प्लग परत भिजतात. ओला फिल्टर सुकवून लावायच्या भानगडीत पडू नका, बदला. डब्याच्या तळाशी पाणी दिसलं तर कार्बोरेटरच्या फ्लोट चेंबरमध्ये (पेट्रोल साठतं तिथं) पण गेलेलं असू शकतं. पाणी पेट्रोलपेक्षा जड, ते तळाशी बसतं, आणि जेट, म्हणजे पेट्रोल जायचं बारीक भोक, नेमकं तळापाशीच, त्यामुळे दोन-चार थेंब पण पुरतात. ड्रेन स्क्रू असेल तर तिथून काचेच्या बाटलीत काढा, पाणी असेल तर खाली वेगळे मणी होऊन लोळताना स्पष्ट दिसतं. स्क्रू नसेल तर वरचं झाकण उघडून चेंबर पुसा आणि जेटमधून हवा मारा.

तुमची गाडी इंजेक्शनची असती, किंवा हे वाचणाऱ्या कुणाची असेल, तर थोडं वेगळं. चावी ऑन केल्यावर पेट्रोल पंपाचा साधारण २ सेकंद घुं आवाज येतो का ऐका. चेक इंजिनचा दिवा चावी ऑन केल्यावर लागायलाच पाहिजे, नाही लागला तर ईसीएमला (इंजिनच्या कॉम्प्युटरला) सप्लाय नसू शकतो, बोनेटखालचा फ्यूज बॉक्स उघडून रिले एकेक काढून खाली ओल बघा. सेल्फ मारताना आरपीएमचा काटा अजिबात हलत नसेल तर क्रँक सेन्सरवर संशय घ्या, त्याचा कपलर खाली असतो आणि धुतलेलं सगळं पाणी तिकडंच उतरतं. कपलर काढायच्या आधी बॅटरीची मायनस काढा, आत हवा मारा, कॉन्टॅक्ट क्लीनर मारा, पिन वाकलेली किंवा आत गेलेली नाही ना बघा. आणि डिझेलमध्ये ठिणगीचा विषयच नाही, तिथं स्टॉप सोलेनॉइडची वायर, ग्लो प्लगचा रिले आणि धुताना हलून हवा घ्यायला लागलेले डिझेलचे पाईप बघायचे.

गाडी चालू झाली की लगेच फिरायला नेऊ नका. १५-२० मिनिटं जागेवर चालू ठेवा, मोकळ्या हवेत, बंद गॅरेजमध्ये नाही. इंजिनच्या उष्णतेनं उरलेली ओल जाते. मिसिंग करत असेल (अडखळत चालत असेल) तर अंधार पडल्यावर बोनेट उघडा, बाकीचे दिवे बंद करा आणि नुसतं बघत उभे राहा, हात लांब ठेवून. जिथं वायरीतून करंट गळतोय तिथं निळी ठिणगी नाचताना दिसेल, टिकटिक आवाज पण येईल. काही दिसलं नाही तर बाटलीतून अगदी बारीक तुषार वायरींवर मारा, लगेच दिसेल. तीच ती जागा जी मी सुरुवातीला म्हटलं शोधायचीच. एक वायर गळत असेल तर पूर्ण सेट बदला, बाकीच्या पण त्याच वयाच्या आहेत. बसवताना टोप्यांच्या रबराला आतून थोडं डायइलेक्ट्रिक ग्रीस लावा, म्हणजे पुढच्या वेळी पाणी आत शिरणार नाही आणि टोपी प्लगला चिकटून फाटणार पण नाही.

पुढचे पंधरा दिवस दोन गोष्टींवर लक्ष ठेवा. कपलरमध्ये राहिलेल्या पाण्यानं हिरवा गंज धरतो आणि धुतल्यानंतर आठवड्यांनी हेडलाईट मंद, चार्जिंग कमी असले प्रकार चालू होतात, तेव्हा धुतल्याचं कुणाला आठवत पण नाही. आणि थर निघाल्यामुळे जिथून ऑइल गळत होतं ती पॅकिंग आता उघडी पडली असेल, गाडी उभी असते त्या जागी खाली कागद टाकून बघत जा. हा धुण्याचा खरा फायदा आहे, गळती नेमकी कुठली ते आत्ता कळेल तसं परत कळणार नाही. पेट्रोलच्या रबरी पाईपांवर पण हात फिरवा, फुगलेला, चिकट झालेला किंवा वाकवल्यावर भेगा दाखवणारा पाईप त्याच दिवशी बदला, तो उद्यावर ढकलू नका.

पुढच्या वेळी जुन्या गाडीच्या इंजिनवर प्रेशरचं पाणी नकोच. इंजिन कोमट असताना, गरम नाही (लालबुंद एक्झॉस्ट मॅनिफोल्डवर गार पाणी पडलं तर तडा जातो), डेल्को, कॉइल, अल्टरनेटर, फ्यूज बॉक्स आणि एअर फिल्टरचं तोंड पॉलिथिननं बांधून, बॅटरीची मायनस काढून, ब्रश आणि ओल्या कापडानं थोडं थोडं करत जायचं. वेळ लागतो, पण जुन्या गाडीला तेवढा वेळ द्यायलाच हवा. आणि एअर फिल्टरच्या तोंडावरचं पॉलिथिन चालू करायच्या आधी आठवणीनं काढायचं.

आत्ता तुम्ही बॅटरी चार्जिंगला लावा, तोवर कॅप उघडा, आणि मला तीनच गोष्टी कळवा: कॅपच्या आत ओल होती की काळी रेघ, मधल्या वायरीला ठिणगी कोणत्या रंगाची आली, आणि प्लग काढल्यावर ओले होते की कोरडे.